सोबतीचा संच: पेटी चांगली, पण एक पान गाळलेलं

बेळगावातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाने काढलेला हा संच सध्या खानापूर, नंदगडपासून निपाणीपर्यंतच्या मराठी मंडळ्यांत फिरतोय. किंमत ६५० रुपये. आत मार्गदर्शकासाठी ४० पानी पुस्तिका, मुलांसाठी ३२ पानी बारा वह्या, प्रसंगांची ३६ कार्डं आणि खिशात मावणारी बारा छोटी कार्डं. वयोगट १४ ते १८. सहा शनिवार, दर शनिवारी दीड तास. वर्गातला, गल्लीतला किंवा मंडळीतला एखादा मित्र आतून मोडला असेल तर त्याच्याजवळ कसं बसावं आणि त्याला पुढे कुणाकडे न्यावं, एवढंच शिकवायचं. आपल्याकडे मुलांची सेवा म्हणजे क्वायर, नाताळचं नाटक आणि संमेलनात पंगत वाढणं. त्या मानाने हा विषय निवडला हेच मोठं आहे.

संचाचा कणा बायबलमधल्या लूकच्या दहाव्या अध्यायातला चांगला शोमरोनी, रस्त्यात जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणारा. ही गोष्ट संडे स्कूलच्या मुलांना पाठ असते, म्हणून ती पुन्हा सांगण्यात वेळ घालवलेला नाही. पुस्तिका थेट शेवटाकडे येते. शोमरोन्याने जखमा बांधल्या, तेल आणि द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं. दुसऱ्या दिवशी दोन दीनार रक्षकाच्या हातात ठेवले, परत येईन म्हणाला आणि आपल्या वाटेने गेला. उतारशाळा काही त्याने उघडली नाही. मुलांकडून एवढीच अपेक्षा आहे: रस्त्यापासून उतारशाळेपर्यंत पोचवायचं, आणि पुन्हा चौकशीला यायचं. संचात जे जे चांगलं आहे ते या एका विचारातून आलंय. जिथे तो घसरतो, तिथे हाच विचार सुटलेला दिसतो.

पहिल्या दोन शनिवारांत फक्त ऐकणं आहे. मुलं तिघातिघांच्या गटात बसतात. एक बोलणारा, एक ऐकणारा, एक बघ्या. चार मिनिटं बोलणं, तीन मिनिटं चर्चा, मग जागा बदलायची. बघ्याच्या हातात वहीचं पाचवं पान. ऐकणाऱ्याने सल्ला दिला की एक उभी रेघ, स्वतःचीच गोष्ट सुरू केली की फुली, बायबलचं वचन सांगितलं की गोल. पहिल्या शनिवारी बहुतेक पानं रेघांनी भरतात. "तू असं कर ना", "सोड रे, एवढं काय मनाला लावून घेतोस", "माझ्या मावशीच्या पोराचं पण असंच झालेलं". चार मिनिटांत आठ-दहा रेघा सहज होतात. ते पान मुलांच्या हातात दिलं की वेगळं व्याख्यान लागत नाही. दुसऱ्या शनिवारी रेघा तीन-चारवर आल्या तर गट तयार झाला समजावं. आल्या नाहीत तर पुढे जाऊ नका, तोच पाठ पुन्हा घ्या. पुस्तिकेत हे लिहिलेलं नाही, पण लिहायला हवं होतं. न ऐकणारं पोर तिसऱ्या शनिवारच्या प्रश्नांपाशी पोचलं की चौकशी अधिकारी होऊन बसतं.

वचनासाठी वेगळी खूण ठेवली, हे ज्याने केलं त्याला मंडळी आतून ठाऊक आहे. वचन चुकीचं नसतं, वेळ चुकते. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं बरोबर चाललं होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवदूताने त्याला दोनदा भाकर आणि पाणी दिलं, मधे झोपू दिलं, आणि संवाद त्यानंतर झाला. पुस्तिकेत हे दोन्ही प्रसंग अर्ध्या अर्ध्या पानात आहेत. तेवढे पुरेत. "विश्वास कमी पडला म्हणून उदास आहेस" हे वाक्य मित्राला कधीही ऐकवायचं नाही, असं वहीत चौकट करून छापलंय. ती चौकट मुलांच्या आधी काही आजी-आजोबांना दाखवावीशी वाटते.

तिसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कार्डं निघतात. छत्तीसपैकी पंचवीस-सव्वीस अस्सल आहेत. एसएसएलसीत (कर्नाटकातल्या दहावीत) नापास झालेला, बापाच्या दारूपायी घरी जायला घाबरणारी, मराठी माध्यमातून पीयूसी (इथली अकरावी-बारावी) सायन्सला गेल्यावर वर्गात एक शब्द न कळणारा, आई वारल्यावर धाकट्या भावंडांचा स्वयंपाक करून शाळेला येणारी, फोटो पसरवण्याची धमकी मिळालेली. सातवं कार्ड जसंच्या तसं उतरवण्यासारखं आहे. क्रिकेटला आठ दिवस न आलेला मुलगा कट्ट्यावर एकटा बसलाय. कार्डाच्या मागे संवाद असा:

"काय रे, मैदानावर दिसला नाहीस आठ दिवस."
"काही नाही. बेजार झालंय."
"बसू का इथं?"
"बस की."
(दोन मिनिटं काही बोलू नका.)
"बेजार म्हणजे कसं? सांगायचं असेल तर सांग. नसेल तरी बसतोय."

कंसातली ती ओळ म्हणजे सगळा धडा. मुलांना दोन मिनिटं गप्प बसणं अशक्य वाटतं. घड्याळ लावून बसवलं की चाळीसाव्या सेकंदाला कुणीतरी फिस्सकन हसतं. हसू द्यावं, घड्याळ पुन्हा लावावं. आणखी एक गोष्ट या कार्डात बरोबर पकडलीये. आपल्याकडची पोरं 'मला नैराश्य आलंय' म्हणत नाहीत. ती 'बेजार झालंय', 'डोकं उठलंय', 'मनच लागेना' म्हणतात, किंवा पोटात दुखतंय म्हणून शाळा चुकवतात. दुर्दैवाने वहीच्या नवव्या पानावर २८ भावनांचा तक्ता आहे आणि त्यात 'विमनस्कता', 'असुरक्षितता', 'हतबलता' असले शब्द भरलेत. तो तक्ता बाजूला ठेवा. फळ्यावर मुलांकडूनच शब्द लिहून घ्या. कानडी शाळेतली मुलं गटात असतील तर त्यांचे शब्दही येऊ द्या, मराठीचं काही बिघडत नाही.

चौथ्या शनिवारचा सगळ्यात अवघड भाग म्हणजे जिवाचा प्रश्न विचारणं. इथे संच कचरलेला नाही, आणि त्याबद्दल पूर्ण गुण. "तुला जगायला नको असं वाटतंय का? जीव द्यायचा विचार येतो का?" हे शब्द मुलांकडून मोठ्याने म्हणून घेतले जातात. आडून विचारायचं नाही, "असलं काही वेडंवाकडं तर डोक्यात नाही ना?" असंही विचारायचं नाही, कारण त्या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर अपेक्षित असल्याचं समोरच्याला कळतं. असं विचारल्याने विचार डोक्यात भरतो ही भीती पालकांत फार आहे. ती खरी नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून जीव हलका होतो. उत्तर 'हो' आलं तर पुढचं खिशातल्या कार्डावर चार ओळींत आहे: त्याला एकटं सोडू नका, तिथूनच मोठ्या माणसाला बोलवा, घरातल्या मोठ्यांना धोक्याच्या वस्तू कुलपात ठेवायला सांगा, १४४१६ लावा. शेतावरच्या घरांत तिसऱ्या ओळीचा अर्थ पिकावरच्या औषधांचे डबे असा होतो आणि ते काम मोठ्यांचंच. मुलाने डबे उचलायला जायचं नाही. लगेच धोका दिसत असेल तर ११२, तातडीच्या मदतीचा नंबर. कार्डावर ११२ छापलेला नाही, पेनाने लिहून घ्या.

१४४१६ म्हणजे टेलिमानस. १० ऑक्टोबर २०२२ ला मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी फोनसेवा सुरू झाली. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असते, वीस भाषांत बोलता येतं आणि मराठी त्यात आहे. संचात नंबर आहे, पण तो लावायचा कसा हे नाही, आणि मुलं तिथेच अडतात. सुरुवातीला यंत्राचा आवाज भाषा निवडायला सांगतो. घाबरलेलं पोर तिथेच फोन ठेवतं. म्हणून आधीच मोठ्या माणसाने हे टप्पे तोंडी समजावून द्यावेत. गंमत म्हणून नंबर लावून बघू देऊ नका, तिकडे खऱ्या माणसाची वेळ जाते. दुसरी अडचण फोनचीच. पुष्कळ मुलांकडे स्वतःचा फोन नसतो, आईचा असतो, आणि कुणाला फोन केला ते संध्याकाळी घरात दिसतं. मंडळीच्या एका जबाबदार ताईंचा किंवा दादांचा फोन यासाठी ठरलेला असला तर बरं. मित्राने बोलायचं, हा संच शिकलेल्या मदतनीस मुलाने शेजारी बसायचं, स्पीकर मित्राने सांगितला तरच लावायचा.

आता रागाच्या गोष्टीकडे. पाचव्या शनिवारचं नाव आहे 'प्रार्थनेचं ओझं वाटून घेऊ'. त्यात मुलांनी आपल्या दुखावलेल्या मित्राचं नाव चिठ्ठीवर लिहून गटात प्रार्थनेसाठी द्यायचं आहे. हा पाठ फाडून टाका. मंडळीत गुपित फुटायची सगळ्यात मोठी वाट प्रार्थनेच्या विनंतीतूनच जाते. वाईट हेतूने कुणी करत नाही. "अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा, घरात फार त्रास आहे" एवढा निरोप व्हॉट्सअ‍ॅप गटावर पडतो, कॉटेज मीटिंगला (घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेला) त्यात भर पडते आणि रविवारी उपासना सुटल्यावर आवारात ती मुलगी सगळ्यांच्या नजरेत येते. पुन्हा ती तोंड उघडत नाही, कुणाकडेच नाही. प्रार्थना करायची तर नाव न घेता करता येते, देवाला पत्ता माहीत असतो. गंमत अशी की याच संचात तिसऱ्या शनिवारी विश्वास राखण्याचं वाक्य फार नेमकं दिलंय: "तुझं बोलणं मी गावभर करणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल, कुणी तुला त्रास देत असेल, किंवा तू दुसऱ्याला इजा करणार असशील, तर एका मोठ्या माणसाला सांगावं लागेल. कुणाला सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू." हे वाक्य मित्राने बोलायला सुरुवात करायच्या आधी सांगायचं. मागाहून सांगितलं तर ती फसवणूक होते. "कुणाला सांगणार नाही अशी शपथ घे" म्हटलं तर घ्यायची नाही. तिसऱ्या शनिवारी हे शिकवून पाचव्या शनिवारी चिठ्ठ्या गोळा करायच्या, हे एकाच हाताने लिहिलेलं वाटत नाही.

मित्र आपल्या धर्माचा नसेल तर काय, यावर फक्त एक परिच्छेद आहे, पण चांगला आहे. बेळगावच्या कुठल्याही वर्गात ख्रिस्ती मुलाच्या बाकावर मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान मित्र असणारच. त्याने मागितली नसेल तर प्रार्थना मोठ्याने करायची नाही, त्या वेळी पत्रक द्यायचं नाही, चर्चला चल म्हणायचं नाही. दुसऱ्याच्या घरातलं अल्पवयीन मूल आहे आणि ते अडचणीत आहे. शोमरोन्यानेही जखमी माणसाला त्याचा धर्म विचारला नव्हता. पुस्तिकेतला हा परिच्छेद पालकांच्या बैठकीत वाचून दाखवावा, निम्म्या शंका तिथेच मिटतात.

सीमाभागासाठी काढलेला संच म्हणून विकताना मागची यादी तरी इथली हवी होती. मदतीच्या ठिकाणांचं पान महाराष्ट्रातल्या कुठल्या तरी साहित्यावरून उचललेलं दिसतं. त्यात 'मैत्री क्लिनिक' आहे. ते महाराष्ट्रातलं नाव. कर्नाटकात किशोरवयीन मुलांच्या सरकारी सल्लाकेंद्राला स्नेहा क्लिनिक म्हणतात. पाटी बहुधा कानडीत असते, म्हणून नाव ठाऊक असणं महत्त्वाचं. नापास झालेल्या मुलासाठी दिलेला धीर तर साफ चुकीचा आहे: "दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला जाता येतं." ती सोय महाराष्ट्रातल्या दहावीची. आपल्याकडे २०२४ पासून एसएसएलसीच्या एकाच वर्षात एकापेक्षा जास्त परीक्षा होतात. पहिलीत राहिलं तर पुढची देता येते. निकालाच्या दिवशी रडणाऱ्या पोराला हे माहीत नसतं, त्याच्या बापालाही नसतं, आणि 'वर्ष गेलं' हा शब्द घरात घुमत असतो. त्या दिवशी मदतनीस मुलाने एवढी एक बरोबर माहिती दिली तरी खूप. एटीकेटीची आशा दाखवून पीयू कॉलेजच्या खिडकीवरून परत पाठवलं, तर जखम दुप्पट.

यादीत घालायला हवं ते असं: बेळगावात सिव्हिल, म्हणजे बिम्स या सरकारी वैद्यकीय कॉलेजचं जिल्हा रुग्णालय, तिथे मानसोपचार विभाग आहे. मोठी सोय धारवाडला डिमहान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत. तालुक्याच्या इस्पितळात मनोचैतन्य योजनेखाली मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात, पण निघण्याआधी इस्पितळात विचारून घ्या. मुलींना आणि त्यांच्या आयांना शक्ती योजनेमुळे सरकारी साध्या बसला तिकीट लागत नाही, ओळखपत्र मात्र बरोबर हवं. खानापूरच्या आतल्या गावातून येणाऱ्या घराला ही ओळ दवाखान्याच्या नावाइतकीच उपयोगाची आहे.

आणि गाळलेलं पान. कार्ड क्रमांक १९ वर मुलगी सांगते की ओळखीतला एक मोठा माणूस तिला हात लावतो. मागे उत्तर छापलंय: "पाळकांना सांगा, मंडळीचे वडील योग्य तो निर्णय घेतील." पाळक म्हणजे पास्टर, आणि वडील म्हणजे मंडळीतले ज्येष्ठ कारभारी. हे चालणार नाही. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबत असेल तर कैद एक वर्षापर्यंत. मुलांना ही शिक्षा लागू नाही, तेव्हा मदतनीस मुलगी घाबरायचं कारण नाही. तिने ज्या मोठ्या माणसाला सांगितलं त्याला मात्र सुटका नाही, मग तो पाळक असो, फादर असो की तिचा काका. समिती बसवून, माफी मागायला लावून, "मंडळीचं नाव जाईल" म्हणून मिटवणं म्हणजे उतारशाळेच्या दारातून जखमी माणसाला परत रस्त्यावर ठेवणं. मदतनीस मुलीने एवढंच करायचं: "तुझी चूक नाही" म्हणायचं, खोदून तपशील विचारायचे नाहीत, त्याच दिवशी ठरलेल्या ताईंना सांगायचं. तिथून १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा पोलीस हे ताईंचं काम. संशय ज्याच्यावर आहे त्याला आधी विचारायला जायचं नाही, हेही ताईंनी लक्षात ठेवायचं.

त्या ठरलेल्या मोठ्या माणसांसाठी वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळी कोऱ्या आहेत. त्या भरल्याशिवाय पहिला शनिवार सुरू करू नका. एक बाई, एक पुरुष, दोघंही रात्री फोन उचलणारे, आणि शक्यतो एकाच घरातले नकोत. बऱ्याच गटांत पाळकांचं आणि त्यांच्या पत्नीचं नाव लिहून मोकळे होतात. मग पाळकांच्याच घरातल्या मुलाला त्रास असेल तर तो कुठे जाणार?

मदतनीस मुलांची काळजी हा भाग सहाव्या शनिवारी उरकलाय, वीस मिनिटांत. तो तिसऱ्यातच यायला हवा. सोळा वर्षांची पोरगी मैत्रिणीचे मेसेज रात्री दीडपर्यंत वाचत बसते, सकाळी गणिताच्या तासाला झोपते, आणि मैत्रीण एक दिवस शाळेला आली नाही की हिचे हातपाय गार पडतात. एका मुलाकडे एका वेळी एकच मित्र, जोडीला गटातला दुसरा मदतनीस, रात्री नऊनंतर फोन बंद, महिन्यातून एकदा ताईंशी बोलणं, परीक्षेच्या महिन्यात सुट्टी. पक्षाघाती माणसाला येशूकडे चौघांनी उचलून आणलं होतं, हे पुस्तिकेत कुठेच आलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

छपाईबद्दल थोडं. अक्षर मोठं, वह्या टाचून बांधलेल्या, त्या टिकतात. कार्डं मात्र पातळ कागदाची. खानापूरकडच्या पावसात दुसऱ्याच शनिवारी कोपरे मऊ पडून वळतात. खडेबाजारात लॅमिनेशन करून घ्या. सगळी ३६ करायची गरज नाही: २२, २३, ३० आणि ३१ ही परदेशी हॉस्टेलातली कार्डं आपल्या मुलांना लागू पडत नाहीत. बारापेक्षा जास्त मुलं असतील तर दुसरा संच घेण्याऐवजी दुसरा गट करा.

पाचपैकी साडेतीन. दुरुस्त आवृत्ती निघेपर्यंत घ्यायला हरकत नाही, पण आधी एवढं करा: पाचवा शनिवार काढून त्या जागी ऐकण्याचा पाठ पुन्हा ठेवा, कार्ड १९ च्या मागे पांढरा कागद चिकटवून कलम १९ आणि १०९८ लिहा, 'मैत्री' खोडून 'स्नेहा' करा, एटीकेटीची ओळ काळ्या पेनाने पूर्ण झाका. अर्धवट खोडलेलं मुलं आधी वाचतात.